सोलरपेक्षा एफडी बरी? आधी हिशोब तरी करा

गच्चीवाला:
काल इथे एकाने ठोकून दिलं, "घरावर सोलर म्हणजे श्रीमंतांचे चोचले, तेवढ्याची एफडी करा आणि व्याजातून बिल भरा." प्रतिसाद लांबला म्हणून वेगळा धागा. नाशिकला बैठं घर, गच्चीवर ३ किलोवॅटचं सोलर, खर्च १ लाख ९० हजार, केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेतून सबसिडीचे ७८,००० खात्यात आले, म्हणजे खिशातून गेले १ लाख १२ हजार. सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज आठ हजारसुद्धा होत नाही. आणि माझं बिल महिन्याला तीन हजारांच्या वर यायचं, आता स्थिर आकार आणि किरकोळ काहीतरी येतं. एवढं व्याज देणारी बँक असेल तर सांगा, मी पण येतो.

एफडीवाला:
तो "एकाने" म्हणजे मीच, नाव घ्यायला काय झालं? एफडीचं मुद्दल शेवटी हातात राहतं. पॅनेल पंचवीस वर्षं चालेल म्हणतात, पण त्याची वीज घरात वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर त्याआधीच मान टाकणार, तो खर्च कुठे धरलात? आणि माझा वापर महिन्याला नव्वद युनिट. तुम्ही १०० युनिटच्या वरचा महागडा दर वाचवता म्हणून तुमचं गणित बसतं. मी काय वाचवू, देवघरातला झिरोचा बल्ब?

माडवाली:
मला तर विकणाऱ्याने "आता लाईट गेली तरी चिंता नाही" असं सांगितलं होतं 😡 रत्नागिरीत भर दुपारी कडक उन्हात लाईट गेली की माझं सोलरपण बंद! बॅटरी नसेल तर असंच असतं म्हणे, खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या करंटने शॉक बसू नये म्हणून. पटलं, पण आधी सांगायला तोंड नव्हतं का? शिवाय पावसाळ्यात युनिट निम्म्यावर येतात आणि माकडं पॅनेलवर नाचतात ते वेगळंच.

गच्चीवाला:
ताई, दोष विकणाऱ्याचा आहे, सोलरचा नाही.

चौथा_मजला:
तुम्ही बंगलेवाले भांडत बसा. आमच्या सोसायटीत गच्ची सगळ्यांची, म्हणजे कुणाचीच नाही! मीटिंगमध्ये सांगितलं, लिफ्ट आणि पंपाच्या बिलासाठी लावू, सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० सबसिडी आहे. तर सेक्रेटरी म्हणतात, "पापड कुठे वाळवायचे?"

सगळ्यात_वरचा_फ्लॅट:
पापडाचं सोडा. गेल्याच वर्षी वॉटरप्रूफिंग केलंय, त्यात हे स्लॅबला भोकं पाडणार, गळणार माझ्या बेडरूममध्ये आणि तुम्ही चौथ्या मजल्यावर आरामात झोपणार.

चौथा_मजला:
भोकं न पाडता काँक्रीटचे ठोकळे ठेवून बसवतात हो. तुम्ही आमच्याच बिल्डिंगमधले आहात काय? भाषा ओळखीची वाटतेय.

सगळ्यात_वरचा_फ्लॅट:
असेन किंवा नसेन. तुमचा मेंटेनन्स भरला का?

गच्चीवाला:
अहो धागा सोलरचा आहे!

एफडीवाला:
मग ३१ मार्चचं बोला ना, ते सोयीस्कर विसरलात. डिसेंबर ते मार्च पंखेसुद्धा बंद, जास्तीची युनिट वीज कंपनीच्या ग्रिडमध्ये देऊन खात्यात साठवत बसायचं, आणि ३१ मार्चला वर्ष संपलं की उरलेली सगळी किरकोळ भावात कंपनीच्या घशात. एप्रिल-मेमध्ये एसी लावायच्या वेळी खातं कोरं. आणि गच्चीवर चढून पॅनेल धुणार कोण? साठीत मी पाईप घेऊन चढू?

गच्चीवाला:
३१ मार्चचं मान्य, तो नियम चीड आणणाराच आहे. म्हणूनच हावरटपणे ५ किलोवॅट लावायचं नाही, सबसिडीही ७८,००० च्या पुढे जात नाही. वर्षभराचा वापर बघून तेवढंच लावा. आणि धुण्याचं म्हणाल तर मी सकाळी सातला, काच तापायच्या आत, नुसतं पाणी मारतो. कबुतरांचं मात्र फडक्यानेच निघतं.

एफडीवाला:
बरं बाबा, तीनशे युनिट जाळणाऱ्यांनी लावा, समाधान झालं? तुम्हाला सोलर बसवून देणाऱ्या माणसाचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा. मेहुण्याला हवाय. माझ्यासाठी नाही.