प्रतिसाद: थंडीत रंकाळ्यावर जलरंग

ताई, युद्धाच्या बातम्या वाचून ब्रश उचलवत नाही आणि उचललाच तर थंडीत वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) बिघडतो, असं तुम्ही लिहिलंय. दुसरी अडचण आधी सोडवा, पहिली थोडी सैल होते.

डिसेंबर-जानेवारीत इथं कोल्हापुरात सूर्य सातच्या आसपास उगवतो. तेव्हा रंकाळा तलावावर हवा ओलसर असते, वॉश सावकाश वाळतो. अर्धवट वाळलेल्या रंगात पाण्याने भरलेला ब्रश टेकला की पाणी बाहेर ढकललं जातं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी कड उठते. म्हणून कागद तिरका धरून बघा: चमक आहे तोवरच रंग सोडा. चमक गेली पण कागद बोटाच्या पाठीला गार लागतोय, तर आतून ओला आहे. हात लावू नका. कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, म्हणजे जाड) घ्या, पातळ कागद फुगतो. धुक्यासाठी अल्ट्रामरीन निळ्यात किंचित बर्न्ट सायना हा तपकिरी रंग, पाणी भरपूर. तलावातल्या दगडी संध्यामठाचे खांब शेवटी, कोरड्यावर. दुपारी मात्र हवा कोरडी, तेव्हा कागद आधी भिजवून घ्या.

कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान याच पाण्याकाठी बसून रंगवायचे. त्यांच्या हयातीत पहिलं महायुद्धही झालं, प्लेगही येऊन गेला. बातम्या जरूर वाचा, जगाकडे पाठ फिरवू नये. फक्त पहिला वॉश वाळेपर्यंत फोन पिशवीत राहू दे.