हिवाळ्यात जागत्या ज्वालामुखीवर: गाइडने अर्ध्यातून परत आणलं. पैसे वसूल की बुडाले?

कातळवेडी
घरातलं भांडण चव्हाट्यावर आणतेय. जानेवारीत मी आणि नवरा इटलीच्या सिसिली बेटावर, एटनावर गेलो होतो. युरोपातला सगळ्यात उंच जागता ज्वालामुखी, ३३०० मीटरच्या वर. दक्षिणेकडून १९०० मीटरपर्यंत गाडीरस्ता, तिथून २५०० पर्यंत रोपवे, पुढे गाइडसोबत पायी. आम्ही दोघं, एक जर्मन बाप-लेक आणि गाइड. हेल्मेट, स्नोशू (बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाला बांधायचे रुंद तळवे), क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे धातूचे काटे) त्यानेच दिले.

वाटेत त्याने फावड्याने बर्फात हातभर खड्डा खणला आणि कड तासून दाखवली. पांढरा थर, काळी रेघ, पुन्हा पांढरा, मग बोटभर जाड काळा. प्रत्येक काळी रेघ म्हणजे वरून पडलेली राख. पुढे एके ठिकाणी बर्फ नव्हताच, हातमोजा काढून जमिनीवर हात ठेवला तर पोळ्यांच्या डब्याइतकी ऊब. वास म्हणाल तर लक्ष्मीपूजनानंतरच्या सकाळी गल्लीत येतो तो.

२७०० च्या आसपास गाइड थांबला, वर बघितलं आणि म्हणाला, बस, उतरायचं. लख्ख ऊन होतं! फक्त वरचा धूर सरळ जायचा सोडून उताराला चिकटून आमच्याकडे वळला होता. नवऱ्याचं म्हणणं, त्याला दुपारची दुसरी तुकडी घ्यायची होती म्हणून आपल्याला गुंडाळलं. माझं म्हणणं, पैसे त्या 'बस'साठीच दिले होते. तुम्ही कोणाच्या बाजूने?

आडवाटेचा
नवऱ्याच्या. वीस वर्षं सह्याद्रीत फिरतोय, त्यामुळे कदाचित माझंच डोकं वाकडं असेल. पण गाइड नक्की काय विकतो? वाट? ती बर्फात मळलेली असते. ज्वालामुखी कधी उडणार हे तर त्यालाही ठाऊक नसतं. याच एटनावर १९७९ च्या सप्टेंबरात एक छोटासा स्फोट झाला, विवराच्या काठावरचे ९ पर्यटक गेले. जपानमधला ओन्ताके २७ सप्टेंबर २०१४ ला, शनिवारी दुपारी जेवणाच्या वेळेला उडाला. इशाऱ्याची पातळी सगळ्यात खालची, १. बेपत्ता धरून ६३ माणसं गेली. सगळी यंत्रं असलेल्या देशात ही गत, तिथे धुराकडे बघून 'बस' म्हणणाऱ्याचं काय कौतुक? उलट गाइड बरोबर आहे म्हणून जी माणसं एरवी पायरीवर बसून चहा पीत राहिली असती तीही वर जातात.

निवांत
दोघांच्याही बाजूने नाही. जाऊच नये. अडकलात की वर चढतो तो दुसऱ्या कोणाचा तरी मुलगा असतो. आपल्याकडेही दरीत दोर टाकून उतरतात ती गावातली आणि गिर्यारोहण संस्थांची पोरंच, आणि तीही फुकट.

भूगोलबाई
आडवाटेचा, शेवटचं वाक्य मान्य, बाकीच्यात गल्लत आहे. ओन्ताके आणि एटना एका मापाने मोजू नका. ओन्ताकेत मुरलेलं पाणी तापून वाफेचा स्फोट झाला. त्यात शिलारस वर येत नाही, म्हणून चाहूलही जवळपास लागत नाही. एटनाचं तोंड बहुतेक वेळा उघडं असतं, शिलारस हलायला लागला की जमिनीची बारीक थरथर वाढते. पायथ्याच्या कतानिया शहरातल्या वेधशाळेत ती रात्रंदिवस मोजली जाते. सगळं कळतं असं नाही, पण काहीच कळत नाही असंही नाही.

आणि धुराबद्दल. त्यात नुसती वाफ नसते, सल्फर डायऑक्साइडही असतो. थंड हवेत, वारा वरून खाली दाबत असेल तेव्हा तो उताराला लागून येतो. घसा धरतो, डोळे चुरचुरतात, दमेकऱ्याचे तर हालच. भोवती ढग उतरला तर पांढऱ्यावर पांढरं, पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. अशा वेळी ऊन आहे की नाही हा मुद्दाच नसतो.

बर्फाचा खरा धोका कोणी काढलाच नाही. १६ मार्च २०१७ ला एटनावर लाव्हा बर्फावर चढला, खालचं पाणी कोंडलं आणि वाफ होऊन फुटलं. एक लिटर पाण्याची सोळा-सतराशे लिटर वाफ होते हो! कुकरची शिट्टी अडकल्यावर काय होतं ते ज्यांच्या छताला वरण चिकटलंय त्यांना विचारा. तापलेले दगड उडाले, दहाएक जण जखमी झाले. त्यात बीबीसीच्या चमूतले लोक होते आणि पर्यटकही. म्हणजे जाणत्यांच्या सोबतीनेही दगड चुकत नाहीत. पण सगळे जिवंत खाली आले.

आडवाटेचा
बाई, म्हणजे तुम्ही माझाच मुद्दा सिद्ध केलात. जाणत्यांनाही दगड लागले.

भूगोलबाई
लागले. डॉक्टरही आजारी पडतात, म्हणून कोणी आपलं आपण पोट फाडून घेत नाही.

कतानियाकर
शिकायला इथे आहे, तिसरं वर्ष. इथले लोक एटना म्हणतच नाहीत, नुसतं 'मुंतान्या', डोंगर, आणि तोही स्त्रीलिंगी. आई ओरडतेय म्हणावं तसं 'आज ती बोलतेय' म्हणतात. राख पडली की दुचाकींना बंदी, कारण डांबरावर ती मोहरी सांडल्यासारखी सरकते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये साधारण ३००० मीटरवर फट पडली आणि बर्फातून लाव्हा वाहायला लागला. मग काय, जत्रा! स्की घालून, साध्या बुटात, पोरं खांद्यावर घेऊन माणसं वर. अरुंद रस्त्यावर गाड्या अशा लागल्या की बचावाच्या गाड्या अडकल्या. त्या गर्दीत गाइडसोबत किती होते ते निवांत यांनी बघायला हवं होतं. ठरावीक उंचीच्या वर अधिकृत गाइडशिवाय जायचं नाही असा नियम आहे, आणि ती उंची ज्वालामुखीच्या लहरीप्रमाणे खालीवर होते. तो मोडणारेच शोधावे लागतात.

२ जून २०२५ चा व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाच असेल. आग्नेय विवराची कड ढासळली, राखेचा लोट खाली आला आणि उतारावर माणसं पळत सुटली. कोणाला काही झालं नाही, कारण ती त्या दिवशी जिथे नसायला हवी होती तिथे नव्हती. 'नसायला हवी तिथे' हे कोण ठरवतं? तो 'बस' म्हणणाराच.

निवांत
घरी बसलेल्याला तर तेवढंही पळावं लागलं नाही.

कतानियाकर
काका, इथल्या घराच्या भिंतीही लाव्हाच्याच दगडाच्या आहेत. १६६९ चा लाव्हा शहरात शिरून समुद्रापर्यंत गेला होता. घरी बसायचं म्हणजे कुठे?

भूगोलबाई
पुण्यात बसलं तरी बुडाखाली तेच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्ह्याचे थर, एकावर एक. घाटात दोन काळ्या थरांमध्ये विटकरी पट्टा दिसतो ना, ती दोन उद्रेकांच्या मधल्या सवडीत झालेली माती. कातळवेडीच्या बर्फातल्या खड्ड्यासारखंच, फक्त आपला खड्डा थोर.

कातळवेडीचा नवरा
नमस्कार. मीच तो. बायकोने एक गोष्ट सांगितली नाही. आम्ही खाली येऊन कॅफेत बसलो आणि तासाभराने दुसऱ्या गाइडची सहा जणांची तुकडी आम्ही थांबलो त्याच्याही वर गेलेली मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली. लाल जॅकेटं मोजली. धूर? सरळ वर. मग आमच्याच वेळी काय झालं होतं? ज्वालामुखीची भीती मलाही आहे, पण 'सुरक्षितता' म्हटलं की हिशोब विचारायचाच नाही, हे मला पटत नाही. परताव्याचा मेल टाकला, उत्तर नाही.

कातळवेडी
तासाभराने वारा फिरला असेल की. आणि तू कॅफेत बसून जॅकेटं मोजत होतास? मला म्हणालास फोनवर ऑफिसचं बघतोय.

कातळवेडीचा नवरा
खड्ड्याचे पैसे मी देतो. तो भारी होता. उरलेल्या चढाचे अर्धे परत हवेत.

आडवाटेचा
साहेब, मी तुमच्या बाजूचा, तरी एक विचारतो. दुसरा गाइड वर गेला, म्हणजे तुमचा घाबरट होता की तो दुसरा बेफिकीर होता? कॅफेतून कळलं का?

कातळवेडीचा नवरा
नाही कळलं. सहाच्या सहा उतरलेले दिसले तेवढंच. मोजले.