बर्डीच्या बाजारात भाव करणारी मुलगी पैशाच्या बाबतीत 'अविश्वास' बाळगणारी कशी?

गोंदियाची_लेक
नागपूर विद्यापीठात एम.ए. मानसशास्त्र, दुसरं वर्ष. प्रबंधिका विद्यार्थ्यांच्या पैशाविषयीच्या वृत्तीवर आहे. यामाउची आणि टेम्पलर यांची १९८२ ची मापनी (वृत्ती मोजणारी प्रश्नावली) घेतली. २९ विधानं, चार घटक: सत्ता-प्रतिष्ठा, बचत-नियोजन, अविश्वास, चिंता. मराठीत करून होस्टेलच्या १२ मुलींकडून भरून घेतली.

किमतीवरून हुज्जत घालण्याचं विधान 'अविश्वास' घटकात येते. बाराही जणींनी 'नेहमी' लिहिलं! बर्डीवर २०० ची ओढणी १५० ला मागायची, हे आम्हाला घरूनच शिकवलेलं आहे.

दुसरं जास्त लागलं. माझी रूममेट शिष्यवृत्ती आली की निम्मी घरी पाठवते. भविष्यासाठी पैसे बाजूला ठेवण्याच्या विधानाला तिनं 'कधीच नाही' लिहिलं. तिच्याइतकी जपून खर्च करणारी मुलगी मी पाहिली नाही. ही विधानं काढून टाकू का?

जुना_रविनगरकर
काढू नका, मग इतरांच्या निष्कर्षांशी तुलनाच करता येणार नाही. मूळ मापनी न पाहिलेल्या कोणाकडून तुमचं मराठी परत इंग्रजीत करून घ्या, अर्थ कुठे सरकला ते दिसेल. 'हुज्जत' भांडणाकडे झुकतो, 'घासाघीस' बाजाराकडे. मग पाच-सहा जणींना एकेक विधान मोठ्यानं वाचायला लावा आणि 'वाचून काय आठवलं?' विचारा. आणि १२ जणींवर क्रॉनबॅक अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढून घाबरू नका, त्याला नमुना मोठा लागतो.

मापन_शिकवते
ताई, वृत्ती आणि वागणूक वेगवेगळी मोजा. वागणुकीसाठी ड्यू आणि झियाव यांची २०११ ची मापनी आहे, पण तिच्यात विम्याचेही प्रश्न आहेत. होस्टेलच्या मुली तिथं काय लिहिणार? त्यापेक्षा महिनाभर खर्चाची वही ठेवायला सांगा. प्रश्नावली सगळ्यांकडून एकाच आठवड्यात भरून घ्या. मेसचे पैसे द्यायच्या दिवसांत भरलेली चिंता आणि शिष्यवृत्ती आल्यावरची चिंता एकत्र मोजू नका.

गोंदियाची_लेक
काल रूममेटला वाचायला लावलं. 'भविष्य' शब्दावर थांबली. म्हणाली, "माझं का घरचं? भावाच्या पॉलिटेक्निकची फी यात धरायची का?" मी पेन्सिल खालीच ठेवली. तिनं वर्षभर तेच तर जमवलं होतं.

खर्चाच्या वहीत 'घरी पाठवले' हा रकाना आता मी पहिला आखून राहिली.