डिपॉझिटला हात लावू नका

प्लंबिंगच्या कामानंतर घरात पाणी झिरपलं, तर दुरुस्तीचा खर्च भाडेकरूच्या डिपॉझिटमधून कापावा का, असं तुम्ही विचारलंय. कृपया कापू नका. कॉन्ट्रॅक्टर तुम्ही नेमलेला, आणि भिजलेलं कपाट त्या बिचाऱ्यांचंच आहे.

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये टाइल्स बदलताना नहाणी ट्रॅपभोवतीचं, म्हणजे बाथरूमच्या फरशीतून पाणी वाहून जातं त्या तोंडाभोवतीचं, वॉटरप्रूफिंग फुटलं, खालच्यांच्या छताला ओल आली. 'ही जुनीच ओल' म्हणून कॉन्ट्रॅक्टर हात झटकत होता. खालच्यांना सांगून, ट्रॅप बंद करून बाथरूममध्ये ४८ तास पाणी साठवलं, पातळीचे फोटो काढले. पाणी उतरलेलं दिसल्यावर त्याला बोलायला जागाच उरली नाही. शेवटचा हप्ता द्यायचा बाकी होता, म्हणून तो परत आला!

तुमचे कॉन्ट्रॅक्टरला पैसे देऊन झाले असतील तर आधी त्याला लेखी नोटीस द्या. ग्राहक आयोगात तक्रारीला २ वर्षांची मुदत असते. आणि भिंत पूर्ण सुकेपर्यंत रंग देऊ नका, पापुद्रे सुटतात.