त्साद्दिकाकडे (दिवंगत संतपुरुषाकडे) गाऱ्हाणे घालणे यहुदी धर्मात बसते का?

खडूस वाचक: युक्रेनमधील उमान गावी रब्बी (धर्मगुरू) नाखमानच्या कबरीकडे जाणारे हसीदी, म्हणजे भक्तिमार्गी पंथाचे यहुदी, हे यहुद्यांचे वारकरी, असे काल इथे एकाने लिहिले. हे वाचून गप्प बसवेना. प्रेषित मोशेची कबर कोणालाच ठाऊक नाही, असे तोरा हा आपला मूळ धर्मग्रंथच सांगतो. लोकांनी ती पुजू नये म्हणूनच ती गुप्त राहिली, असा अर्थ काही भाष्यकार लावतात. मोशेने घडवलेल्या पितळी सर्पापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्किया राजाने तोही फोडला. प्रार्थना फक्त ईश्वराची, मध्यस्थ नको, हे मध्ययुगीन धर्मपंडित रामबाम (मैमोनिदेस) याच्या 13 श्रद्धातत्त्वांपैकी पाचवे तत्त्व आहे.

गेमारा-प्रेमी: आणि तालमूद, म्हणजे रब्बींच्या चर्चांचा ग्रंथ, काय सांगतो? मोशेने कनान देशात पाठवलेल्या हेरांपैकी कालेब, बाकीच्या हेरांच्या कटातून आपण वाचावे म्हणून हेब्रोनला पूर्वजांच्या कबरींपाशी गेला आणि माझ्यासाठी दया मागा, असे त्यांना विनवून आला. मृताकडे मागणे आणि मृताला आपल्यासाठी मागायला सांगणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

खडूस वाचक: हा भेद पोथीत शोभतो. लुबाविच या हसीदी पंथाचे गुरू, लुबाविच रेब्बी, 1994 मध्ये वारले. न्यूयॉर्कमधील त्यांच्या कबरीवर आजही चिठ्ठ्या पडतात आणि काही अनुयायी त्यांनाच मशीहा (येणारा तारणहार) मानतात.

अष्टागरकर: आमच्या बेने इस्रायल (कोकणातल्या मराठी यहुदी) घरांतला मलिदा, म्हणजे नवसाचा प्रसाद, कोणत्या रकान्यात घालणार? आजी एलियाहू हन्नाबीच्या (प्रेषित एलियाच्या) नावाने नवस बोलायची. तो फिटला की भिजवलेल्या पोह्यांत साखर, ओले खोबरे आणि वेलची कालवून वर फळे रचायची. पण त्या ताटावरची प्रत्येक बेराखा (स्तुतिवचन) ईश्वरालाच उद्देशून असायची.

खडूस वाचक: शेजारच्या सत्यनारायणावरून उचललेली प्रथा, दुसरे काय?

अष्टागरकर: सुंतेच्या वेळी एलियाहूसाठी खुर्ची आणि पेसाखला (वल्हांडण सणाला) त्याच्या नावाचा पेला ठेवणाऱ्या पोलंडच्या यहुद्यांनी सत्यनारायण कुठे पाहिला होता? ‘उचललेले’ हा शेरा आम्ही पुष्कळ ऐकला आहे. आमच्या लग्नांवर इस्रायलच्या रब्बींनी शंका घेतल्या, आणि बेने इस्रायल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, असे 1964 मध्ये क्नेसेटला (इस्रायलच्या संसदेला) ठरावाने सांगावे लागले. तेव्हा आमचे यहुदीपण तुम्ही तपासू नका.

गेमारा-प्रेमी: रागावू नका, पण तुमचे उदाहरण कबरींच्या वादात बसतच नाही. एलियाहू वावटळीतून सदेह स्वर्गात गेला. अलिबागजवळच्या खंडाळ्याला लोक दाखवतात त्या त्याच्या रथाच्या खुणा, कबर नव्हे.

खडूस वाचक: बरे, बेराखेत मध्यस्थ नाही, म्हणून मलिदा निर्दोष, एवढे मान्य. आता उमानची तिकिटे काढून बसलेल्यांना हा भेद समजावायला आपण दोघेच जा; रामबाम सांगून थकला.