जपानी शिरस्त्राण (काबुतो): तपकिरी थर घासून काढावा का?

प्रश्न, शस्त्रसंग्रह_पुणे: बाहेरून उभ्या धारा असलेल्या एका जुन्या काबुतोची तपासणी करायची आहे. विक्रेता ६२ पत्रे असल्याचं सांगतो, पण रिव्हेट एकही दिसत नाही. पृष्ठभाग तपकिरी, किंचित खरखरीत आहे. मानेवरच्या पट्ट्या ओवणारी काळी रेशमी दोरी बोट लागताच भुरभुरते. अस्तर न उसवता पत्रे खरे आहेत हे कसं ओळखायचं? आणि गंज काढायचा का?

पोलादपत्रा: रिव्हेट न दिसणं हा दोष नाही. हा 'सुजी' प्रकार. खाली रुंद, वर निमुळते पत्रे एकमेकांवर चढवून रिव्हेट ठोकतात आणि बाहेरची डोकी कानशीने सपाट करतात. प्रत्येक पत्र्याची एक लांब कड उभी दुमडलेली असते, तीच धार. डोकी मुद्दाम उठून दिसतात तो 'होशी' प्रकार.

नकलेत एकाच पत्र्याच्या वाटीवर धारा उठवलेल्या असतात. म्हणून शेंड्याच्या भोकाशी टॉर्च तिरका धरून पाहा: खऱ्या काबुतोत तिथे पत्र्यांची टोकं एकत्र येतात, थरांच्या पायऱ्या दिसतात. लोहचुंबक चिकटलं म्हणजे लोखंड, एवढंच कळतं. नवी नक्कलही लोखंडाची असू शकते. आत, मागच्या पत्र्यावर सही असेल तरी लगेच भुलू नका. म्योचिन या चिलखतकार घराण्याच्या नावाच्या खोट्या सह्या भरपूर आहेत.

उरुशी_निरीक्षक: कृपया घासू नका! असे अनेक काबुतो मुद्दाम तपकिरी गंजाच्या पोताचे ठेवलेले असतात. तो थर कारागिराचं काम आहे. एकदा गेला की परत येत नाही.

कोरडं पांढरं सुती कापड हलकेच टेकवून उचला. नारिंगी पूड आली तर तेवढ्या जागी गंज चालू आहे. काही आलं नाही तर तो थर तसाच राहू द्या. चालू गंजाचा ठिपका बांबूच्या किंवा हाडाच्या बोथट टोकाने, भिंगाखाली, कोरडाच खरवडा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर नको. पितळेची भांडी घासायची चिंच-लिंबाची सवय इथे घातक आहे: आम्ल दोन पत्र्यांच्या फटीत शिरतं, धुऊन निघत नाही आणि आतून गंज फुगून वरचा लेप उचलतो.

लेप उडाला असेल तर आपल्याकडची स्पिरिटमधली लाख लावून 'दुरुस्ती' करू नका. काबुतोवरचा लेप उरुशीचा असतो आणि उरुशी हा झाडाचा चीक. तो दमट हवेत घट्ट होतो. लाख किड्यांपासून मिळते. दोन्ही वेगळ्या वस्तू आहेत.

शस्त्रसंग्रह_पुणे: कापड पांढरंच राहिलं, फक्त डाव्या कानाजवळ नारिंगी ठिपका उमटला. दोरीचं काय करू?

रेशीमगाठ: काळा रंग बहुतेकदा लोह आणि टॅनिनचा असतो, तो रेशीम आतून खातो, म्हणून काळी दोरी आधी जाते. तेल, पाणी, डिंक काही लावू नका. सुटलेले तुकडे जागेसह नोंदवून पाकिटात ठेवा.

उचलताना मानेची झालर किंवा कानाजवळचे वळलेले पंख धरू नका, दोन्ही तळवे वाटीखाली घाला. ठेवताना आतून आधार द्या, वजन वाटीवर यायला हवं. उजेड ५० लक्सच्या आत. आर्द्रता ५० ते ५५ टक्के. पावसाळ्यात बंद पेटीत सिलिका जेल ठेवा, पण आर्द्रतामापकासह, कारण फार कोरड्या हवेत रेशीम ठिसूळ होतं.