मोबाईलवरचं गाणं वायरशिवाय डीजे सेटअपवर: रिसीव्हर कोणता, जोडायचा कुठे?

खर्जातला
सेटअप असा: लॅपटॉप, पायोनियर डीडीजे-एफएलएक्स४ (डीजे कंट्रोलर), तिथून आठ चॅनलचा साधा ॲनालॉग मिक्सर, पुढे दोन टॉप आणि दोन बेस स्पीकर. लग्नाच्या संगीतात डान्सवाली मंडळी गाणी आपापल्या मोबाईलवर कट करून आणतात आणि ऐनवेळी 'हेच लावा' म्हणतात. मोबाईल स्टेजपाशी त्यांच्याच हातात राहावा आणि गाणं कन्सोलवर (म्हणजे त्या मिक्सरवर) यावं, असं काही हवंय. अंतर साधारण १५ मीटर. एफएलएक्स४ला ब्लूटूथ आहे, मग मोबाईल त्यावरच का जोडता येत नाही? वेगळा ब्लूटूथ रिसीव्हर घ्यायचा तर काय बघून घ्यावा?

लाल_पांढरी
एफएलएक्स४चं ब्लूटूथ गाणं आत घ्यायला नाहीच. मोबाईलवर डीजे ॲप चालवलं तर जॉग, फेडर आणि बटणांच्या हालचाली त्या ॲपपर्यंत पोचाव्यात, एवढंच त्याचं काम. ऑक्स-इनही नाही, मागे माईकचा जॅक आहे. तो मोनो आणि माईक-लेव्हलचा, त्यात मोबाईल घालू नका. मोबाईल घ्यायचा तो पुढच्या मिक्सरवर, स्टीरिओ लाईन चॅनलवर. आठ चॅनलच्या मिक्सरवर तो बहुधा ५/६ किंवा ७/८ असतो.

वायर: एका टोकाला ३.५ मिमी स्टीरिओ, दुसऱ्या टोकाला दोन ६.३५ मिमी मोनो जॅक. डावा ५ मध्ये, उजवा ६ मध्ये. आरसीए असेल तर लाल उजवा, पांढरा डावा.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. छोट्या स्टीरिओ जॅकवर एकच मोठा स्टीरिओ कन्व्हर्टर चढवून तो मोनो चॅनलच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये (जे दोन तारांतला फरक तेवढा घेतं) घातला, की मिक्सर डाव्यातून उजवा वजा करतो. गायकाचा आवाज, किक, बेस दोन्ही बाजूंना सारखेच असतात, ते गायब होतात. उरतो रिव्हर्ब आणि कडेची वाद्यं. मग शिव्या रिसीव्हरला! एकाच मोनो चॅनलवर घ्यायची वेळ आली तर डावा-उजवा थेट पिळून जोडू नका. दोन्हींत १-१ किलोओहमचा रेझिस्टर घालून मग एकत्र करा.

हीच वायर कधी डीजे मिक्सरला लावली तर स्विच लाईनवर ठेवा. फोनोवर (रेकॉर्ड प्लेअरच्या इनपुटवर) राहिला तर बेस फुगतो आणि आवाज फाटतो.

तारवाला
वायरिंगला +१. आता करंट. रिसीव्हर स्वस्तातल्या मोबाईल चार्जरवर चालवला आणि तो चार्जर मिक्सरच्याच बोर्डवर असला, की 'घुंऽऽ' किंवा बारीक शिट्टी येते. आधी चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. आवाज गेला तर दोष सप्लायचा.

पॉवर बँकेवर लावाल तर एक भानगड आहे. रिसीव्हर करंट फार थोडा खातो, त्यामुळे पॉवर बँकेला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती अर्ध्या-एक मिनिटात बंद पडते. कमी करंटचा मोड असलेली पॉवर बँक घ्या किंवा आतच बॅटरी असलेला रिसीव्हर घ्या. मी दुसरा घेईन.

उंच_स्टँड
१५ मीटर बिनतारी पार करायचा हट्टच सोडा. खोक्यावरचा '१० मीटर' हा आकडा मोकळ्या जागेचा असतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं आणि माणसाच्या शरीरातलं पाणी ते खातं. रिकाम्या हॉलमध्ये चेक केलेलं कनेक्शन वऱ्हाडी उभे राहिले की तुटायला लागतं. त्यात रिसीव्हर लोखंडी रॅकमध्ये असेल तर बघायलाच नको.

रिसीव्हर स्टेजपाशीच ठेवा, मोबाईलपासून दोन-तीन मीटरवर, छातीच्या वर, एखाद्या स्टँडला बांधून. तिथून दीड मीटरची वायर स्टीरिओ पॅसिव्ह डीआय बॉक्समध्ये (सिग्नल बॅलन्स्ड करणारी, वीज न लागणारी छोटी पेटी), आणि डीआयमधून दोन एक्सएलआर (माईकच्या तीन पिनांच्या वायरी) तुमच्या मल्टीकोअरने, म्हणजे अनेक वायरींच्या जाड केबलने, कन्सोलवर. डीआयनंतर सिग्नल बॅलन्स्ड होतो, ३० मीटर गेला तरी चिंता नाही. कन्सोलवर दोन माईक चॅनल लागतील: एकाचा पॅन पूर्ण डावीकडे, दुसऱ्याचा पूर्ण उजवीकडे. पॅसिव्ह डीआयमधल्या ट्रान्सफॉर्मरमुळे ग्राउंड लूपची (दोन उपकरणांची अर्थिंग वायरमधून जोडली गेल्याने येणारी) गुणगुणही तुटते. वायफाय राउटर आणि २.४ वाले स्वस्त कॉर्डलेस माईक यांच्यापासून रिसीव्हर लांब ठेवा.

आडवा_फेडर
ब्लूटूथने गाणं थोडं उशिरा पोचतं, त्या उशिराचं काय? मोबाईलवरचं गाणं लॅपटॉपवरच्या गाण्याशी बीटला मिसळता येईल का?

लाल_पांढरी
साध्या एसबीसी कोडेकवर (कोडेक म्हणजे ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची पद्धत) दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद धरून चाला. १२० बीपीएमला एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, म्हणजे २०० चा उशीर हा जवळजवळ अर्धा ठोका. ॲप्टएक्स लो लेटन्सी या कोडेकवर ४० च्या आसपास येतो, पण मोबाईल आणि रिसीव्हर दोघांनाही तो यायला हवा. आयफोनला ॲप्टएक्स नाहीच, त्याच्याकडे एसबीसी आणि एएसी. तेव्हा खोक्यावरच्या ॲप्टएक्सच्या शिक्क्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

तुम्ही कान मिक्सरच्या पीएफएलवर (फेडरच्या आधीचा आवाज हेडफोनवर देणारं बटण) ठेवला तर उशीर दिसतो फक्त प्ले दाबताना. पण मध्ये एक कट आला, बफर पुन्हा भरला, की बीट सरकतो, आणि मोबाईलच्या प्लेअरवर पिच (वेग) ओढायला फेडर नसतो. त्यामुळे मिक्सिंग नको. एक गाणं संपवा, दुसरं सुरू करा. संगीतात तेवढंच लागतं.

सूर_जुळेना
कराओके चालेल का याच्यावर?

उंच_स्टँड
ट्रॅक मोबाईलवर आणि माईक थेट मिक्सरवर असेल तर चालेल. गायक स्पीकरमधूनच ट्रॅक ऐकतो, त्यामुळे सूर-ताल जुळतात. स्क्रीनवरचे शब्द मात्र किंचित आधी बदलल्यासारखे दिसतील. माईकचा आवाज ॲपमधून फिरवून ब्लूटूथने बाहेर काढायचा असेल तर विसरा, स्वतःचाच आवाज मागून ऐकत कुणाला गाता येत नाही.

बटण_दाबे
मोबाईलच्या सेटिंगवर कुणीच बोललं नाही, अर्धी फजिती तिथे होते. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, मग फक्त ब्लूटूथ पुन्हा चालू करा. गाणं आधीच डाउनलोड केलेलं हवं. हे जमणार नसेल तर अँड्रॉइडवर ब्लूटूथच्या यादीत रिसीव्हरसमोरचं चाक दाबून 'कॉल' बंद, 'मीडिया' चालू करा आणि डू नॉट डिस्टर्ब लावा. नाहीतर सप्तपदीला मामांचा फोन टॉपवर वाजेल. डॉल्बी, इक्वलायझर, बॅटरी सेव्हर बंद.

मोबाईलचा आवाज ८०-९० टक्क्यांवर एकदाच लावा, बाकी सगळं मिक्सरच्या गेनवर. रिसीव्हरचं आउटपुट घरगुती लेव्हलचं असतं, प्रोफेशनल लाईनपेक्षा सुमारे १२ डेसिबल खाली. त्यामुळे गेन जास्त उघडावा लागला तर घाबरू नका. पीएफएल दाबा, मीटर शून्याच्या आसपास आणा, फेडर मग वर. मोबाईल बदलताना फेडर आधी खाली, कारण जोडला गेल्याचा 'टुंग' बरेच रिसीव्हर आउटपुटवरच वाजवतात.

पेअरिंग कायम उघडं राहणारा रिसीव्हर घेऊ नका, समोरच्या रांगेतलं पोरगं जोडतं आणि रील सुरू करतं. बटण दाबल्यावरच पेअर होणारा बघा.

आडवा_फेडर
ब्लूटूथऐवजी वायफाय बरं नाही का? ॲपलचं एअरप्ले वगैरे?

तारवाला
रेंज आणि क्वालिटी बरी, पण एअरप्लेला दोनेक सेकंदांचा बफर असतो. डान्सची मंडळी पोझ घेऊन उभी, आणि गाणं येतंय मागून. शिवाय राउटर स्वतःचा हवा, हॉलच्या वायफायवर भरवसा नको, आणि दर पाहुण्याला आधी त्या नेटवर्कवर घ्या. तुमच्या कामाला ब्लूटूथच.

बिल्ट-इन हवं असेल तर पायोनियरच्या डीजेएम-ए९ मिक्सरमध्ये आणि अल्फाथीटाच्या ऑम्निस-ड्युओमध्ये ब्लूटूथ इनपुट आहे. फक्त यासाठी ते घेणं म्हणजे उधळपट्टी.

खर्जातला
डीआय स्टेजवर ठेवायचं पटलं. कन्सोलवर फँटम (वायरमधूनच माईकला जाणारा ४८ व्होल्ट) एकाच बटणाने सगळ्या चॅनलला जातो आणि एक कंडेन्सर माईक आहे. चालेल?

उंच_स्टँड
ट्रान्सफॉर्मरवाल्या पॅसिव्ह डीआयला बॅलन्स्ड एक्सएलआरवरून आलेला ४८ व्होल्ट त्रास देत नाही. पण डीआय वगळून रिसीव्हर थेट एक्सएलआर कन्व्हर्टरने त्या चॅनलला लावू नका, तो जाऊ शकतो. आणि डीआयवर ग्राउंड लिफ्टचा (ग्राउंडची जोडणी तोडणारा) स्विच असेल तर आधी जोडलेल्या स्थितीत ऐका, गुणगुण आली तरच लिफ्ट करा.